आगामीकाका

डोंबिवलीतल्या आमच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर आगामीकाका राहतात. त्यांचं खरं नाव दारावरच्या पाटीवर आहे, पण ते आता कुरियरवाल्यापुरतं उरलंय. ‘आगामी’ हे विशेषण मुळात त्यांच्या कादंबरीचं. मुंबई-ठाण्यात घडणारी, व्हॅम्पायर आणि वेअरवुल्फ यांची तीन खंडांची अर्बन फँटसी. ती येतेय. काका बँकेतून निवृत्त झाले तेव्हा येत होती, मुलीचं लग्न झालं तेव्हा येत होती, आता नातू शाळेत जायला लागला तरी येतेच आहे.

जिन्यात गाठ पडली आणि “काय म्हणतेय कादंबरी?” असं विचारलं, की काका पिशवी खाली ठेवतात. हे धोक्याचं चिन्ह. “लिहून झालीये रे. आता फक्त कागदावर उतरवायची.” मग इकडेतिकडे बघून, आवाज खाली आणून, “पुढचं सांगत नाही, तुझी मजा जाईल.” आणि पुढचं सगळं सांगतात. पिशवीतल्या दुधाची काळजी असल्यामुळे काकू वरून हाक मारतात, तेव्हा आपली सुटका होते.

काकांचं वाचन मात्र खोटं नाही. अ‍ॅन राइसच्या ‘इंटरव्ह्यू विथ द व्हॅम्पायर’पासून लॉरेल हॅमिल्टनच्या अनिता ब्लेकपर्यंत आणि पॅट्रिशिया ब्रिग्जच्या, मोटारी दुरुस्त करणाऱ्या मर्सीपर्यंत सगळे त्यांच्या घरातलेच. ‘ड्रॅक्युला’तला काउंट दिवसाढवळ्या लंडनमध्ये फिरतो, उन्हानं त्याला काही होत नाही, ऊन लागून मरायची पद्धत १९२२च्या ‘नोस्फेराटू’ सिनेमानं पाडली, हे मला त्यांनीच सांगितलं. ‘ड्रॅक्युला’चा लेखक स्टोकर याच्या वारसांची परवानगी न घेता काढलेला तो सिनेमा. स्टोकरच्या विधवेनं दावा लावला आणि प्रती नष्ट करायचा हुकूम मिळवला, तरी काही प्रती वाचल्याच. “म्हणजे बघ, सिनेमाच मेला नाही!” हे वाक्य काका दर वेळी नव्यानं सुचल्यासारखं म्हणतात आणि आपणही दर वेळी नव्यानं हसायचं असतं.

एवढं ज्ञान असल्यावर माणूस लिहील कशाला? काकांची खरी आवड नियमांत आहे. व्हॅम्पायर बोलावल्याशिवाय घरात येऊ शकत नाही, हा नियम डोंबिवलीत कसा बसवायचा यात त्यांचा एक अख्खा उन्हाळा गेला. आपल्याकडे वर्गणीवाला येवो की उमेदवार, “या ना, बसा” हे तोंडातून निघून जातंच. व्हॅम्पायरला चहासुद्धा मिळेल. शेवटी त्यांना गेटवरचा वॉचमन सापडला. तो इंटरकॉमवर विचारतो, “साहेब, कोणी काउंट आलेत, सोडू का?” आणि क्रिकेट बघणारा साहेब स्क्रीनवरची नजर न काढता म्हणतो, “सोड, सोड.” झालं आमंत्रण.

रक्ताचा प्रश्नही त्यांनी असाच सोडवलाय. त्यांचे व्हॅम्पायर कोणाच्या मानेला तोंड लावत नाहीत. त्यांनी मंडळ काढलंय आणि ते दर वर्षी रक्तदान शिबिर भरवतात. बिस्किटाचा पुडा, कॉफी आणि प्रमाणपत्रासकट. वेअरवुल्फ शेजारच्या इमारतीत. दोघांचं वैर पुनर्विकासावरून पेटलेलं. व्हॅम्पायर पागडीचे भाडेकरू असून तीनशे वर्षं खोली सोडायला तयार नाहीत, कारण वारसाचा प्रश्नच येत नाही. हे ऐकताना मी जिन्याच्या कठड्याला धरून हसलो होतो. काका मात्र गंभीर होते. त्यांना कायद्यातली एक अडचण वकिलाला विचारायची होती, आणि वकील म्हणे नीट उत्तर देत नव्हता.

लसूण आणि चांदी या दोन गोष्टींनी त्यांना फार छळलंय. लसणाच्या फोडणीशिवाय दिवस न जाणाऱ्या गावात व्हॅम्पायर जगणार कसा? चांदीचं तर विचारूच नका. निरांजन चांदीचं, करंडा चांदीचा, बाळाचे वाळे चांदीचे. “वेअरवुल्फ जावई म्हणून आला तर लग्नातच मरेल रे,” काका कळवळून म्हणाले. चांदीचा हा धाक १९४१च्या ‘द वुल्फ मॅन’नं जगभर पसरवला आणि पौर्णिमेचं बंधन त्याच्या १९४३च्या पुढच्या भागानं पक्कं केलं, हेही ते सांगतात. म्हणजे नियम सिनेमावाल्यांचे, मोडले तरी चालतील. पण नियम मोडायचे तर काकांच्या हातात उरतं काय?

‘संशोधन’ हा त्यांचा आवडता शब्द. एकदा खरा लांडगा बघायचा म्हणून ते सासवडच्या बाजूच्या माळरानावर जाऊन आले. तिथे एक मेंढपाळ भेटला. काकांनी त्याला विचारलं, पौर्णिमेला लांडग्यांचा त्रास वाढतो का? तो म्हणाला, “त्येला पुनव काय अन् आवस काय. मेंढरू दिसलं की आला.” काका दोन दिवस उदास होते. त्यातून दुसरं संकट उभं राहिलं. आपल्याकडचा लांडगा जेमतेम वीस-बावीस किलोचा. कादंबरीचा नायक सत्तर किलोचा. मग लांडगा झाल्यावर उरलेले पन्नास किलो जातात कुठे? शाळेत शिकलेला वस्तुमानाच्या अक्षय्यतेचा नियम आडवा आला. हा प्रश्न त्यांनी जेवताना काढला तेव्हा काकू म्हणाल्या, “अहो, उत्तर मिळालं की आधी मला सांगा. मलाही पंधरा घालवायचेत.”

काकूंशिवाय हे चित्र पुरं होणार नाही. घरात रक्तपिपासू चालतात, पण अमावास्येला लिहायचं नाही आणि पितृपक्षात नवं प्रकरण सुरू करायचं नाही, हा काकूंचा दंडक. काका तो आनंदानं पाळतात. न लिहिण्याला धर्माची मान्यता मिळाली तर कोणाला नको असते? शिवाय आतली गोष्ट अशी की, रात्री दिवे गेले की काका मीटरच्या खोलीत एकटे जात नाहीत. तळमजल्यावरच्या मुलाला हाक मारतात. “टॉर्च धरायला,” म्हणे.

उशिराबद्दल टोकलं की त्यांच्याकडे पुरावे तयार असतात. स्टोकरनं ‘ड्रॅक्युला’ची टिपणं १८९० मध्ये काढायला घेतली, पुस्तक आलं १८९७ मध्ये. जिम बुचरच्या ड्रेस्डेन मालिकेचा पंधरावा भाग २०१४चा, सोळावा २०२०चा; वाचक थांबलेच ना सहा वर्षं? स्टेफनी मेयरच्या ‘मिडनाइट सन’चा खर्डा २००८ मध्ये फुटला, बाईंनी काम बाजूला ठेवलं, पुस्तक थेट २०२० मध्ये. “बारा वर्षं! एक तप!” काका बोट वर करून म्हणतात. यावर काकूंनी कुठूनसं वाचून ठेवलेलं उत्तर दिलं. त्याच मेयरबाईंनी पहिलं ‘ट्वायलाइट’ तीन लहान मुलं सांभाळून तीनेक महिन्यांत लिहिलं होतं. त्या दिवशी काकांना भाजी आणायची अचानक आठवण झाली.

मराठीत असलं कोण वाचणार, असं एका प्रकाशकानं त्यांना विचारलं होतं. काका तापले. नारायण धारप ज्यांनी रात्री पांघरुणात वाचले आणि रत्नाकर मतकरींच्या गूढकथांनी ज्यांची झोप उडवली, ते वाचक काय हवेत विरले? मला काकांचं म्हणणं पटतं. प्रकाशकानं पहिली तीन प्रकरणं पाठवायला सांगितली, तिथे मात्र पत्रव्यवहार थांबला. मुखपृष्ठ तयार आहे. अर्पणपत्रिका तयार आहे, त्यात काकूंचं नाव दोनदा आलंय. ऋणनिर्देशात सासवडचा मेंढपाळही आहे. तिसऱ्या खंडाचा शेवट तयार आहे. पहिल्या प्रकरणावर फक्त हात फिरवायचाय.

गेल्या कोजागरीला गच्चीवर मसाला दूध आटत होतं आणि मध्येच सगळ्या परिसराची वीज गेली. पोरं चुळबुळायला लागली. कोणीतरी म्हणालं, काका, तुमच्या लांडग्याचं सांगा ना. काकांनी चष्मा काढला आणि सांगायला लागले. शेवटची कर्जत लोकल. रिकाम्या डब्यात एक माणूस खिडकीशी बसलाय. काचेत समोरची बाकं दिसतात, तो दिसत नाही. कळव्याला दुसरा चढतो, त्याच्या मनगटावर केस आहेत आणि बाहेर चांदणं वाढत चाललंय. पुढे अर्धा तास गच्चीवर कोणी हललं नाही. देखभाल खर्चावरून भांडत असलेले सेक्रेटरी आणि खजिनदार गप्प झाले. दूध खाली लागलं, त्याचा वास आला, तरी कोणी उठलं नाही. एरवी काकांच्या फुग्याला टाचणी लावणाऱ्या काकू पदर घट्ट ओढून पुढे सरकून बसल्या होत्या. पन्नास किलो कुठे गेले, हे एकानंही विचारलं नाही.

तिसऱ्या मजल्यावरच्या कॉलेजातल्या मुलीनं ते सगळं फोनवर ध्वनिमुद्रित केलं आणि दुसऱ्या दिवशी टाइप करून कागद काकांच्या हातात दिले. काकांनी ते वाचले, खूश झाले, समासात बारीक अक्षरात दुरुस्त्या केल्या आणि कपाटात ठेवले. “छान आहे, पण अजून हात फिरवायला हवा,” म्हणाले. मुलगी वस्ताद निघाली. ती आता दर शनिवारी पोरांना घेऊन त्यांच्याकडे जाते, फोन टेबलावर पालथा ठेवते आणि लेखनाचं नाव काढत नाही. तिच्याकडे कागद साठत चाललेत.

तुमच्याही इमारतीत, घरात किंवा ऑफिसात असं कोणी आगामी असेलच. त्यांना कृपा करून “कधी येतेय?” असं विचारू नका, त्यांनी आणखी एक नियम शोधून काढायच्या आत “मग पुढे काय झालं?” असं विचारा.