रा. रा. गाऊन यांस

प्रति,
रा. रा. गाऊन (सुती, फुलाफुलांचे, फ्री साइज, एका खिशाचे),
मुक्काम : आमचं घर, डोंबिवली पूर्व.

विषय : आपली चोवीस तासांची नेमणूक रद्द करून ती रात्रपाळीपुरती ठेवणेबाबत.

संदर्भ : दोरीवरून माझ्या अंगावर आणि माझ्या अंगावरून पुन्हा दोरीवर, असा आपला गेल्या २२ वर्षांचा अखंड प्रवास.

महोदय,

सरकारी पत्रात अहो-जाहो करायची रीत आहे म्हणून एवढं केलं. आता पुरे. इतकी वर्षं अंगाला चिकटून राहिलेल्याला 'आपण' म्हणायला माझी जीभ रेटत नाही. तेव्हा यापुढे तू.

आधी तुझे उपकार मान्य करते, म्हणजे नंतर कृतघ्न ठरायला नको. माझ्या आईने आयुष्यभर गोल साडी नेसून ओट्याशी काम केलं. पदर खोचायचा, सुटला की पुन्हा खोचायचा, वाकलं की सावरायचा. चादरी धुवायच्या दिवशी निऱ्या गुडघ्यापर्यंत ओल्या. तू आलास आणि ही सगळी कसरत एका फटक्यात संपली. डोक्यातून घातला की झालं. निऱ्या नाहीत, पिना नाहीत. जेवल्यावर पोटाला काचला नाहीस, गरोदरपणात कुरकुरला नाहीस, बाळंतपणात पुढे चेन लावून हजर झालास. उजव्या बाजूला खिसा दिलास. त्या खिशात मोबाइल, रबरबँड, लसणाची एक चुकार पाकळी आणि भाजीवाल्याने परत दिलेली चिल्लर सुखाने नांदते. माझ्या एकाही महागड्या ड्रेसला खिसा नाही. विरलास की अर्धा लादीला, अर्धा ओट्याला. एवढी सेवा या घरात दुसऱ्या कुठल्याही पुरुषाने केलेली नाही. आणि व्याकरणाने पाहिलं तर तू पुल्लिंगीच आहेस.

आता तक्रार. तुझं मूळ नाव नाइटगाऊन. साहेबाच्या देशात रात्री घालायचा आणि सकाळी काढून ठेवायचा. आपल्याकडे येता येता त्यातली 'नाइट' कुठे गळून पडली कोण जाणे. कुणी तुला गाऊन म्हणतं, कुणी मॅक्सी. रात्रीचं नाव फारसं कुणी काढत नाही. झोपायच्या कपड्यांत तुझी भरती झाली आणि कुणाला न विचारता तू दिवसपाळीही घेतलीस. जादा कामाचा भत्ता तुलाही नाही आणि मलाही नाही.

तुझ्या आधी मी आणखी एक गाऊन घातला होता. काळा, घोळदार, पदवीदान समारंभात अर्ध्या तासासाठी भाड्याने मिळालेला. आईवडिलांबरोबर फोटो काढला, गाऊन परत केला, अनामत रक्कम मोजून घेतली. तो फोटो आमच्या दिवाणखान्यात आहे आणि त्यावरची धूळ मी तुला घालून पुसते. त्या गाऊनची अनामत परत मिळाली. तुझ्याकडची अजून अडकून आहे.

तुझ्यामुळे एक ओढणीही पाळावी लागली. दाराच्या मागे हुकाला टांगलेली, घरातल्या कुठल्याच कपड्याशी न जुळणारी. सकाळी कचरेवाला, मग सिलिंडर, मग कुरिअर, मग मेंटेनन्सचा कागद घेऊन वॉचमन. बेल वाजली की हात आधी ओढणीकडे जातो, कडीकडे नंतर. ओढणी घेतली की तू रीतसर पोशाख होतोस, असा आमच्या जिन्यातल्या समस्त बायकांचा अलिखित ठराव आहे. मात्र सासऱ्यांचे मित्र आले की ओढणीने भागत नाही. ते बाहेर 'सूनबाई दिसत नाहीत?' म्हणून विचारत असतात आणि सूनबाई आतल्या खोलीत एक हात कुर्त्याच्या बाहीत घालून दुसरी बाही शोधत असते.

हे असंच चालू राहिलं असतं. पण मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि रोज ७.५२ ची फास्ट पकडणारे आमचे हे घरी बसले. जेवणाच्या टेबलाचं ऑफिस झालं. वर इस्त्रीचा शर्ट, खाली बर्म्युडा. अशी अर्धी माणसं तेव्हा जगभर होती. अमेरिकेतल्या वॉलमार्टच्या एका अधिकाऱ्याने त्याच सुमारास सांगून टाकलं होतं की वरचे कपडे खपताहेत, खालचे नाहीत. काहींनी तर वरचंही सोडलं. एप्रिलमध्ये राजस्थान उच्च न्यायालयात जामिनाच्या सुनावणीला एक वकील साहेब पडद्यावर बनियनमध्ये अवतरले. न्यायमूर्तींनी सुनावणीच पुढे ढकलली.

मग १३ मे २०२० ला सर्वोच्च न्यायालयाचं परिपत्रक निघालं. सरन्यायाधीश होते शरद बोबडे, आपले नागपूरचे. व्हिडिओवरच्या सुनावणीला वकिलांनी पांढरा शर्ट, पांढरी सलवार-कमीज किंवा पांढरी साडी आणि गळ्याशी पांढरा बँड एवढंच घालावं. कोट आणि गाऊन तूर्त नको. मी ती बातमी दोनदा वाचली. देशातल्या सर्वोच्च न्यायालयाने घरून काम करणाऱ्यांना गाऊन काढून ठेवायला सांगितलं, आणि मी ते वाचत होते ओट्याशी उभी राहून, तुझ्यात.

दोन महिन्यांनी हे वैतागले. म्हणाले, "अगं, दिवस कधी सुरू होतो आणि कधी संपतो तेच कळत नाही. आपण कामावर आहोत की घरी आहोत, काही पत्ताच लागत नाही." मी पोळी लाटत होते. लाटणं थांबलं. ज्या दुखण्याला मी सतरा वर्षं स्वभाव समजत होते, त्याचं निदान या माणसाने दोन महिन्यांत केलं होतं.

उपायही त्यांनीच काढला. सकाळी नऊच्या आत आंघोळ, पूर्ण पँट, वर पट्टासुद्धा. संध्याकाळी साडेसहाला लॅपटॉप मिटायचा, आत जायचं आणि पट्टा काढून खुंटीला लावायचा. त्या बकलाचा आवाज स्वयंपाकघरापर्यंत येई. तो आला की घरात सगळ्यांना कळे, बाबा सुटले. मग त्यांना कुणी काही सांगत नसे. मीही नाही.

त्या बकलाने माझी झोप उडवली. माझ्याकडे काढून टांगण्यासारखं काय होतं? रात्री अकराला दूध विरजणारी बाई आणि पहाटे साडेपाचला डबा भरणारी बाई, दोघींच्या अंगावर तूच. झोपेचा कपडा आणि कामाचा कपडा एकच असला की माणूस कामावरून सुटत नाही, फार तर आडवा होतो. म्हणून तर रात्री पाणी कुणाला हवं असलं तरी हाक मलाच. त्या हाकेत त्यांचा दोष थोडा. मी गणवेशातच होते ना! 'ती काय, घरीच असते,' या आमच्याकडच्या लाडक्या वाक्याला कापड लागलं असतं तर ते तुझंच लागलं असतं.

माझ्या आजीचं असं नव्हतं. तिचं सकाळचं सोवळं वेगळं, कामाचं लुगडं वेगळं. दुपार कलली की तोंड धुऊन, वेणीफणी करून, कुंकू लावून ती तिसरं नेसायची आणि मग दिवा लावायची. हे सारं घरातल्या घरात, उंबरा न ओलांडता. सोवळ्याचं कौतुक मी करणार नाही. थंडीत ओलेत्याने वावरायचा तो जाच तिचा तिला ठाऊक. आणि तिन्हीसांजेचं नटणं तरी कुणासाठी? लक्ष्मी यायची वेळ आणि आजोबा यायची वेळ एकच, असं सांगितलेलं असे. दोघांपैकी कोण किती वेळा वेळेवर आलं, हे आजीने कधी सांगितलं नाही. पण दिवसाचे तुकडे तिच्या अंगावर दिसत असत. तिसरं लुगडं नेसलेल्या आजीला जात्यावर बस असं म्हणायची कुणाची छाती नव्हती.

एवढं वाचून तुला वाटेल, बाईने तुझ्यावर बंदीच आणली. घाबरू नकोस. ते उद्योग करणारे वेगळे. इथून फार लांब नाही, नवी मुंबईतल्या गोठिवली गावात २०१४ मध्ये इंद्रायणी महिला मंडळाने ठराव केला होता: दिवसा गाऊन घालून घराबाहेर दिसेल तिला ५०० रुपये दंड. पुढे २०१८ मध्ये आंध्रातल्या पश्चिम गोदावरी जिल्ह्यात तोकलापल्लीच्या गावकारभाऱ्यांनी आणखी मजल मारली. सकाळी ७ ते संध्याकाळी ७ गाऊन बंद, मोडलं तर २००० रुपये, आणि चुगली करणाऱ्याला १००० रुपये बक्षीस. वेळापत्रक पाहा, तुझ्या मूळ नेमणुकीचंच आहे! पण त्या पंचांना घोर कसला, तर तुझ्यातली बाई कुणाला दिसली याचा. तुझ्यातल्या बाईचं काम किती वाजता संपलं, हे त्यांच्या वहीत नाही. बंदी त्यांनी बायांवर घातली. मी वेळ लावते आहे ती तुला.

तर मी प्रयोग केला. एका सोमवारी सकाळी आंघोळ करून थेट कुर्ता-सलवार घातली, केस नीट बांधले, कानात घातलं. आठ वाजता मुलगा बाहेर आला आणि दचकला. "आई, आज दिवाळी आहे का? फडके रोडला निघालीस?" डोंबिवलीकरांना सांगायला नको, इतरांसाठी सांगते: दिवाळीच्या पहाटे आमची सगळी डोंबिवली नटूनथटून फडके रोडवर उभी असते, आणि सकाळी आठच्या आत आईला धडक्या कपड्यांत पाहायची त्याला तेवढीच सवय. यांनी विचारलं, "बँकेत जायचंय का?" समोरच्या वहिनींनी विचारलं, "पाहुणे यायचेत वाटतं?" सासूबाईंनी काही विचारलं नाही, फक्त घड्याळ पाहिलं. मी सगळ्यांना एकच उत्तर दिलं: "कुठे नाही. घरीच आहे." कुणाचाही विश्वास बसला नाही. ही आत्ता निघेल म्हणून दुपारपर्यंत मला कुणी काम सांगितलं नाही. चहा हवा होता त्याने तो स्वतः केला. साखर कुठे आहे, एवढं मात्र मला विचारून.

मुलाला हे शास्त्रीय वाटलं. त्याने इंटरनेटवरून काढून दाखवलं की २०१२ मध्ये अमेरिकेत हाजो ॲडम आणि ॲडम गॅलिन्स्की या दोघांनी लोकांना पांढरा कोट घालायला देऊन पाहिलं. हा डॉक्टरचा कोट, असं सांगितलं तर लोकांचं लक्ष जास्त एकाग्र झालं. तोच कोट चित्रकाराचा म्हटल्यावर झालं नाही. मी हुरळणार तोच त्याने पुढचं वाचलं. २०१९ मध्ये दुसऱ्या संशोधकांनी त्या दोघांचा कोटाचा एक प्रयोग पुन्हा केला, तेव्हा कपड्याचा तो गुण काही दिसला नाही. न दिसेना का. मला कपड्याने हुशार कुठे व्हायचं होतं? मला सुटायचं होतं.

सबब, पुढीलप्रमाणे आदेश देण्यात येत आहेत.

१. सकाळच्या आंघोळीनंतर तू दोरीवर. ऊन खा. दिवसभरात बेल वाजली, दूध उतू गेलं, काही झालं तरी खाली उतरायचं नाही.

२. दारामागच्या ओढणीला कार्यमुक्त करण्यात येत आहे. तिने आपल्या मूळ ड्रेसचा शोध घ्यावा.

३. रात्री ओटा पुसून झाला, गॅसचा कॉक बंद झाला की तू यायचंस. तू अंगावर आलास, म्हणजे कामाची वेळ संपली.

४. आजारपण, मे महिन्यातली दुपार आणि ज्या दिवशी मला काहीही करायचं नाही असा दिवस, याला अपवाद. तिसरा दिवस वर्षातून किती वेळा यावा हे मी ठरवीन.

तिसऱ्या कलमाची अंमलबजावणी सुरू झाली आहे. परवा रात्री साडेदहाला आतून हाक आली, "आई, मॅगी करतेस?" मी पलंगावर पुस्तक घेऊन बसले होते. म्हटलं, "मी गाऊनमध्ये आहे." आत क्षणभर शांतता. मग भांड्यांचा आवाज. 'मी लॉग आउट केलंय' हे यांचं वाक्य या घरात पाच वर्षं चालतं. माझंही चालू लागेल, थोडा वेळ जाईल एवढंच.

कळावे, लोभ आहे तसाच राहील, फक्त वेळ कमी झाली आहे.

तुझी,
रात्री दहानंतरची

प्रत माहितीसाठी : १) आमचे हे, २) चिरंजीव, ३) सासूबाई (तोंडी कळवले आहे).

ता. क. : तुझा खिसा हा दिवसा येण्याचा बहाणा होऊ शकत नाही. कोपऱ्यावरच्या शिंप्याकडून दोन्ही कुर्त्यांना खिसे लावून घेतले आहेत. चिल्लर आणि लसूण तिकडे हलवली आहे.