बिनकुलपाच्या तालुक्यातून, सविनय

मा. आयटी विभागप्रमुख,
मुख्य कार्यालय, पुणे.



व्हीपीएन जोडलं जात नसल्याची तक्रार व्हीपीएन जोडल्यावरच नोंदवता येते, ही आपली योजना इतकी अभेद्य आहे की मला हे पत्र उघड्यावर लिहावं लागतंय. कंपनीचं नाव घेत नाही. निर्धास्त असावं.

मी नेवासे तालुक्यातून काम करतो. शनिशिंगणापूर याच तालुक्यात. तिथल्या घरांना दारं-कुलपं नसण्याची रीत आहे आणि 2011मध्ये युको बँकेनं तिथं बिनकुलपाची शाखा काढली, हे आपल्या कानावर आलं असेल. त्याशिवाय आमच्याकडून येणाऱ्या माणसाची एवढी झडती कोण घेईल? आधी पासवर्ड, मग ओटीपी, मग लॅपटॉपची तपासणी. ओटीपी एसेमेसनं येतो, रेंज गच्चीवर असते, आणि मी जिना उतरेपर्यंत त्याची मुदत संपते. मोबाईलमधलं ॲप दर 30 सेकंदांनी स्वतःच कोड तयार करतं, त्याला रेंज लागत नाही, असं मी सुचवलं होतं. ते पॉलिसीत बसत नाही, असं कळलं.

आत शिरल्यावरची मौज निराळीच. आपल्या फाइल सर्व्हरचा पत्ता 192.168.1.10. माझ्या घरचा राउटरही 192.168.1 पासूनच पत्ते वाटतो, देशातले निम्मे राउटर वाटत असावेत. त्यामुळे लॅपटॉप आपला सर्व्हर माझ्याच घरात शोधतो आणि त्या पत्त्यावर त्याला आमचा टीव्ही भेटतो. मार्चअखेरचे हिशेब टीव्हीकडे मागून मिळत नाहीत. मी राउटरचे पत्ते बदलले, काम झालं. पण ऑफिसच्या जाळ्याला जरा आडवळणाचे पत्ते दिले असते तर शंभर घरांतले राउटर उघडावे लागले नसते. शिवाय आपण इंटरनेटची सगळीच वाहतूक ऑफिसमार्गे वळवली आहे. घोडेगावच्या बाजारात कांदा काय भावानं गेला, हे दहा-पंधरा किलोमीटरवरून बघायचं तर ती माहिती आधी पुण्याला जाऊन येते. फक्त ऑफिसच्या कामाची वाहतूक व्हीपीएनच्या भुयारातून न्यावी आणि बाकीची बाहेरून, अशी सोय याच सॉफ्टवेअरमध्ये असते म्हणतात. असो.

एवढी तटबंदी पाहून वाटलं, शत्रू हताश झाला असेल. मग व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर अकाउंट्सचा सामाईक पासवर्ड दिसला. नगर@123. 2024मध्ये जिल्ह्याचं अहिल्यानगर झालं, तो मात्र नगरच राहिला. (छापण्याआधी बदला, ही विनंती.)

2021च्या मे महिन्यात अमेरिकेतल्या कलोनियल पाइपलाइन कंपनीवर सायबरहल्ला झाला, पूर्व किनाऱ्याचा इंधनपुरवठा अडला, कंपनीला चोरांच्या हाती सुमारे 44 लाख डॉलर ठेवावे लागले. चोर आत आले ते व्हीपीएनच्या एका जुन्या खात्यातून. ते कुणी वापरत नव्हतं, बंदही केलेलं नव्हतं, आणि त्याला ओटीपीसारखी दुसरी तपासणी नव्हती. कंपनीच्या प्रमुखांनी सिनेटपुढे सांगितलं की पासवर्ड 'कलोनियल123' छापाचा नव्हता, अवघड होता. आपल्याला निदान तेवढं तरी सांगता येईल का?

म्हणून ओटीपीला माझा विरोध नाही. तो फक्त माझ्यासारख्या कामावर असलेल्यांनाच का, एवढंच विचारतो. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. आणि खिंडार बुजवण्याचा दाखला तर आमच्या जिल्ह्यातच आहे: 1596च्या वेढ्यात मुघलांनी नगरच्या किल्ल्याखाली सुरुंग पेरले, तट फुटला, तेव्हा चांदबिबीनं ते खिंडार रातोरात बुजवून घेतलं. तिनं तिकीट उघडून ते 'प्रगतिपथावर' ठेवलं नव्हतं. आपल्या व्हीपीएन सर्व्हरचा सुरक्षा अपडेट मात्र दिवाळीपासून त्याच अवस्थेत आहे.

गेल्या वर्षी नोकरी सोडून गेलेले आमचे एक सहकारी परवा सहज म्हणाले, "माझं लॉगिन अजून चालतं. ओटीपीसुद्धा मागत नाही." त्यांचं नाव इथे देत नाही, नाहीतर तेवढंच एक खातं बंद करून आपण परिपत्रक काढाल.

सोबत माझा राजीनामा जोडत आहे. तो लवकर मंजूर व्हावा, म्हणजे मलाही विनाअडथळा आत येऊन राहिलेली कामं उरकता येतील.

आपला,
(तूर्त) अकाउंट्स विभागातला एक कर्मचारी