तुला जायचं असेल तर

अमेरिकेतल्या आमच्या बेलव्ह्यूचा पाऊस पडत नाही, नुसता हजर असतो. आपल्याकडचा कसा वाजतगाजत येतो, कौलं फोडतो, भजी तळायला लावतो आणि निघून जातो. इथला ऑक्टोबरात बॅग घेऊन येतो आणि एप्रिलपर्यंत राहतो, लांबच्या मामेसासऱ्यांसारखा. काही बोलत नाहीत, पण आहेत. डॉक्टर ड जीवनसत्त्वाच्या गोळ्या देतात आणि ज्यांची रजा शिल्लक आहे ते हवाईला जातात.

आम्हीही निघालो. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला एकीने विचारलं होतं, "नुसतं वाळूत बसणार? रात्री समुद्रात उतरून मांटा रे मासे नाही बघणार?" घरी येऊन मी हे हसत हसत सांगितलं. नवरा म्हणाला, "तुला जायचं असेल तर जाऊ." मी म्हटलं, "मला काय, तुला जायचं असेल तर."

बावीस वर्षांच्या संसारात आमच्यावर आलेली बहुतेक संकटं या वाक्यातून आली आहेत. कोलाडला कुंडलिकेत राफ्टिंग, रेनियर पर्वताच्या पायथ्याशी तंबू, जिन्यातून वर न गेलेला सोफा. नको म्हणणारा पहिला माणूस व्हायचं नाही, एवढाच दोघांचा बाणा. मी टिळक टँकवर शाळेत असताना पोहायला शिकले, त्यानंतर पाण्याशी संबंध आंघोळीपुरता. नवरा मालवणचा, म्हणून त्याला पोहता येतं असं जग धरून चालतं. प्रत्यक्षात त्याची समुद्राशी ओळख ताटातली.

विमानाने सहा तासांनी हवाईतल्या कोनाला उतरलो. विमानतळाला भिंती नाहीत. सभोवती काळाकुट्ट लाव्हा, हुआलालाई ज्वालामुखीने 1801 साली ओतलेला, आणि त्यावरच धावपट्टी. मी म्हटलं, सह्याद्रीचा दगडही लाव्ह्याचाच की. "हो, पण आपला साडेसहा कोटी वर्षांचा," नवरा अभिमानाने म्हणाला. "मुरलेला."

दुसऱ्या दिवशी किलाउआ ज्वालामुखी. रात्री विवराच्या कडेवर शेकडो माणसं आत चमकणाऱ्या लालीकडे बघत गप्प उभी होती. ही ज्वालामुखीच्या पेलेदेवीची जागा. इथला दगड उचलून नेणाऱ्यावर संकट येतं असं म्हणतात आणि घाबरलेले पर्यटक खरोखरच टपालाने दगड परत पाठवतात. मी खिडकीत ठेवायला एक खडा उचलला, तर नवऱ्याने हातातून काढून होता तिथे ठेवला. "राखणदाराच्या हद्दीतलं काही उचलायचं नसतं." विज्ञान शाखेचा पदवीधर, पण मालवणचा.

खरा थरार मात्र हॉटेलच्या खोलीत घडला. मांटाचं बुकिंग चोवीस तास आधी रद्द केलं तर पैसे परत. मुदत संध्याकाळी सहाची. साडेपाचला फोन टेबलावर मधोमध ठेवून आम्ही दोघं पपई खात बसलो. "वारा सुटलाय," तो म्हणाला. "हो, पण छान आहे," मी म्हटलं. पावणेसहाला मी म्हटलं, "तुझी पाठ कशी आहे?" "मस्त," तो म्हणाला. एवढी मस्त त्याची पाठ दहा वर्षांत नव्हती. सहा वाजून एक मिनिटाने दोघांनीही सुस्कारा सोडला आणि एकमेकांकडे बघून हसलो.

दुसऱ्या संध्याकाळी, उशीला दोन नंबर लहान अभ्रा घालावा तसे आम्हाला रबरी सूट घातले. बोटीवरची मुलगी म्हणाली, मांटा दिसले नाहीत तर पुढची फेरी फुकट. म्हणजे सुटका नाहीच. दिवे लावलेल्या फळीला धरून काळ्या पाण्यात पालथं पडायचं. पाय वर राहावेत म्हणून घोट्यांखाली फोमची नळी. दिव्याकडे प्लवंग जमतात आणि ते खायला मांटा येतात. 1970च्या दशकात इथल्या एका हॉटेलने समुद्रावर दिवे सोडले, पाहुण्यांना लाटा दिसाव्यात म्हणून, आणि हे पाहुणे न बोलावता जेवायला आले.

खालून एक मोठी सावली वर आली. नवरा तोंडातली श्वासाची नळी काढून ओरडला, "पाकट! अगं, पाकट! शेपटीत काटा असतो!" मांटाला काटा नसतो, हे बोटीवर तीनदा सांगितलं होतं. दहा फुटांचं ते धूड तोंड वासून सरळ आमच्या पोटाखाली आलं, वीतभर अंतरावर उलटं झालं आणि कोलांटी मारून खाली गेलं. पुन्हा आलं. पांढऱ्या पोटावर काळे ठिपके. प्रत्येकाचे वेगळे, त्यावरूनच त्यांना ओळखतात आणि नावं देतात. हात लावायचा नाही, त्यांच्या अंगावरचा चिकट थर निघतो. हात लावायला मोकळा होता कुठे? एक फळीवर आणि दुसरा नवऱ्याने धरलेला. बोटं दुसऱ्या दिवशीही दुखत होती.

परतीच्या विमानात तो हळूच म्हणाला, "खरं सांगू? मला रद्दच करायचं होतं."

"मग बोलला का नाहीस?"

"तुझा उत्साह बघून."

"माझा?"

बाजूच्या बाईंनी कानात इअरफोन घातले.

सीटॅक विमानतळावर पाऊस हजर होताच. टॅक्सीत बसल्यावर नवऱ्याने फोन पुढे केला. दोरीला लटकून दरी ओलांडणारी माणसं हसत होती. "माउई बेटावर आहे. नुसतं दाखवतोय."

मी काचेबाहेर बघितलं. वायपर फिरत होता. "तुला जायचं असेल तर," मी म्हटलं.