टर्मिनदात्यांस अनावृत पत्र

प्रति,
परदेशी नागरिक कार्यालय,
जर्मनीतलं आमचं शहर



कालपर्यंत मी एका कंपनीत वेर्कस्टुडंट, म्हणजे शिकता शिकता काम करणारी विद्यार्थिनी, होते. आज नाही. माझ्या रहिवासी परवान्याची मुदत संपली, नवा परवाना तुमच्याकडे अडकलाय, आणि वैध कागदाशिवाय मला कामावर ठेवलं तर कंपनी अडचणीत येते. तिचं बरोबर आहे. तुमचंही बरोबरच असणार. तुम्ही चुकल्याचं तुमच्या एकाही पत्रात आलेलं नाही.

अर्ज मी मुदतीच्या कितीतरी आधी केला होता. वेळेत अर्ज केला की निर्णय होईपर्यंत जुना परवाना चालू धरायचा, असं रहिवास कायद्याचं 81 वं कलम सांगतं. केवढं औदार्य! फक्त तसं लिहिलेला कागद हवा, फिक्त्सिओन्सबेशायनिगुंग. त्यासाठी टर्मिन, म्हणजे भेटीची ठरलेली वेळ, हवी. टर्मिन संकेतस्थळावर मिळते, आणि संकेतस्थळ म्हणतं, सध्या टर्मिन नाहीत, नंतर बघा. म्हणून मी मध्यरात्री बघते, पहाटे बघते. ईमेल केली की क्षणात उत्तर येतं: पुन्हा पुन्हा विचारू नये, त्यानं विलंब वाढतो. एका सीनियरनं सल्ला दिला, फॅक्स कर. थट्टा नव्हती हो ती.

बाकी तक्रार नाही. रेडिओ-टीव्हीचे महिना 18.36 युरो घरात टीव्ही नसतानाही भरते. त्या वसुलीचं पत्र मात्र टर्मिनवाचून, अगदी वेळेवर येतं.

ऑक्टोबर 2024 मध्ये तेव्हाचे चान्सलर शोल्त्स दिल्लीला आले होते. जर्मनी कुशल भारतीयांचे व्हिसा वर्षाला 20,000 वरून 90,000 करणार, असं तेव्हा मोदी भाषणात म्हणाले. या, या! आमच्याकडे नाशकात पेढे वाटायचेच बाकी राहिले होते. बोलावणारं बर्लिन आणि परवाना देणारे तुम्ही, स्थानिक कार्यालय, हे त्या भाषणात कुठे होतं?

आता जरा स्पष्टच बोलते. मी इथे फुकट राहत नाही. कर्ज काढून 11,904 युरो गोठवलेल्या खात्यात भरले, तेव्हा कुठे व्हिसा मिळाला. आणि त्यातले महिन्याला 992 हातात पडायचे. ते खातं केव्हाच रिकामं झालं. विद्यार्थ्यांना वर्षाला 140 पूर्ण दिवस कामाची मुभा. मी अर्धा-अर्धा दिवस मोजत काम केलं. त्या पगारातून पेन्शनसाठी 9.3 टक्के कापले गेले. तुमच्याच आजी-आजोबांच्या पेन्शनसाठी, साहेब! आणि मला एक कागद मिळत नाही?

काल टर्मिन नसताना तुमच्या दारात जाऊन उभी राहिले. भांडण जर्मनमध्ये पाठ केलं होतं, डेर-डी-डास सगळं जागच्या जागी. दार उघडलं त्या बाईंच्या मागे दोन टेबलं रिकामी होती. तिसऱ्यावर फायली, आणि फायलींवर न उघडलेला डबा. आडनावाच्या के पासून पी पर्यंत सगळे अर्ज त्या एकट्या बघतात म्हणाल्या. दुपारचे साडेतीन वाजले होते. माझ्या तोंडून एवढंच निघालं, आधी जेवून घ्या.

तेव्हा त्या बाईंना दोष नाही. ती दोन टेबलं रिकामी ठेवणाऱ्या साहेबांपर्यंत हे पत्र जावं. कागद पोस्टानं पाठवलात तरी चालेल. पत्ता तुमच्या शहराकडे घरमालकाच्या सहीनिशी नोंदलेला आहे. भाडं एक तारखेला जातं.

आपली,
एम पासून सुरू होणारं एक आडनाव