धूरपारखी

डिझेलवर चालणारी पिकअप गाडी प्रातःकाळी चालू न होणे ही घटना वस्तुतः तिचा मालक, तिचा चालक आणि तिची बॅटरी या तिघांपुरतीच मर्यादित असावयास हवी. परंतु वैनगंगेच्या दोन्ही तीरांवर, म्हणजे मूल-सिंदेवाहीपासून चामोर्शी-आलापल्लीपर्यंतच्या मुलखात, खाजगी आणि सार्वजनिक यांमधली सीमा मुळातच पुसट असल्यामुळे, सेल्फ दोनदा मारून इंजिनाने दोनदा घरघरून मान टाकली, की तिसऱ्या प्रयत्नापूर्वीच त्या स्थळी एक इजलास भरतो. आणि त्या इजलासाचे अध्यक्षपद, कोणी निवड न करता व कोणी हरकत न घेता, ज्या गृहस्थाकडे जाते त्याला मी धूरपारखी म्हणतो.

असा गृहस्थ प्रत्येक गावात एक असतो, आणि मोठ्या गावात दोन असलेच तर त्यांचे परस्परांशी बोलणे बंद असते. वय साठीच्या अलीकडे-पलीकडे, बाह्या दुमडलेला खाकी सदरा, खांद्यावर दुपट्टा आणि तळहातावर खर्ऱ्याची पन्नी. तो घोटण्याचा वेग विचाराच्या खोलीनुसार कमीजास्त होतो. हा मिस्त्री नव्हे, हे आरंभीच स्पष्ट केले पाहिजे. त्याच्या हाताला ऑइल लागलेले हयात माणसांपैकी कोणी पाहिलेले नाही. मिस्त्रीने पाना चालवावा आणि त्याने निकाल द्यावा, अशी कामाची विभागणी असून न्याय आणि अंमलबजावणी यांची इतकी चोख फारकत सरकारलाही साधलेली नाही. त्याची सनद म्हणजे त्याचा पूर्वेतिहास. उमेदीची वर्षे त्याने जंगलाच्या ठेकेदाराच्या ट्रकावर घालवली, आलापल्लीचे सागवान बल्लारपूरच्या आगारात आणून टाकले, आणि १९८२ साली गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा झाला तेव्हा आपण नेमके कोणत्या घाटात कोणत्या गियरमध्ये होतो हे त्याला अद्याप स्मरते. २०२३ साली अयोध्येच्या मंदिराच्या दरवाजांकरिता बल्लारपुराहून सागवान वाजतगाजत रवाना झाले, त्या समारंभासही तो हजर होता, लाकडाविषयी त्याने अवाक्षर काढले नाही, मात्र पुढच्या ट्रकाचा धूर पाहून शेजारच्यास त्याने सांगितले, "अयोध्येपर्यंत जाईन जी, पण वापस येवाचं सांगता येत नाई."

धूर तीन वर्णांचा असतो, असे त्याचे शास्त्र सांगते, आणि येथवर ते शास्त्र निर्दोष आहे. पांढरा धूर म्हणजे न जळताच बाहेर पडलेल्या डिझेलची वाफ. काळा म्हणजे हवा अपुरी किंवा डिझेल प्रमाणाबाहेर. निळा म्हणजे रिंगांवरून वर चढलेले ऑइल. कोणत्याही पदवीधर यंत्रज्ञाला यात कानामात्रेचाही फरक करता येणार नाही. पंचाईत होते ती पुढे, कारण या तीन भिन्न प्रमेयांवरून हा पुरुष एकाच सिद्धांताप्रत येतो. धूर पांढरा आला, नोझल गेला. काळा आला, नोझल गेला. निळा आला तर तो क्षणभर थबकतो, पन्नी या हातातून त्या हातात घेतो आणि म्हणतो, "रिंग-पिस्टनचं काम हाय, पण नोझलही गेलाच असन." आणि धूर मुळीच आला नाही, म्हणजे डिझेल सिलिंडरपर्यंत पोहोचलेच नाही, तर सर्वांत कठोर शिक्षा फर्मावली जाते: नोझल जाम!

आता या आरोपीची बाजूही ऐकली पाहिजे. कारखान्याच्या भाषेत ज्याला इंजेक्टर म्हणतात आणि आपल्याकडे त्याच्या टोकावरून सबंध वस्तूलाच नोझल म्हणण्याची वहिवाट आहे, त्याच्याइतके नाजूक काम इंजिनात दुसऱ्या कोणाकडे नाही. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. पिस्टन हवेला इतके दाबते की तिचे उष्णतामान पाचशे अंशांच्या वर जाते, आणि त्या तप्त हवेत डिझेलचे सूक्ष्म धुके सोडताच ते आपोआप पेट घेते. नोझलची सुई झिजली आणि धुक्याऐवजी थेंब टपकू लागले, तर काळा धूर, ठोका आणि खडखडाट हे सर्व व्हावयाचेच, आणि दोष खरोखर नोझलचाच असावयाचा. परंतु पौषातल्या पहाटे जंगलाकाठी रात्रभर उभी राहिलेली गाडी रुसते तेव्हा संशयितांची यादी बरीच मोठी असते. बॅटरी क्षीण असेल तर इंजिन मंद फिरते आणि हवा पुरेशी तापतच नाही. हीटर प्लग जळालेला असेल तर थंडगार धातू ती उष्णताही शोषून घेतो. पंप दूर म्हणून डबकीत साठवून ठेवलेल्या डिझेलमधले पाणी फिल्टरच्या तळाशी उतरते आणि तळाची चकती सैल करून ते काढून टाकण्याचे कोणास आठवत नाही. आणि सर्वांत वारंवार सापडणारा, सर्वांत स्वस्त, म्हणून सर्वांत दुर्लक्षित गुन्हेगार म्हणजे रिटर्नची एखादी चिरलेली रबरी नळी किंवा फिल्टरचे ताठरलेले वायसर, की ज्यातून रात्रभर कणाकणाने हवा आत शिरते, डिझेल निमूटपणे टाकीकडे परत जाते, आणि सकाळी पंपाला ओढण्यास हवेखेरीज काही उरत नाही.

या क्षुद्र संशयितांची नावे धूरपारखीपुढे घेणे हा त्याचा अवमान होय. ज्या माणसाने एवढी जंगले तुडवली त्याला तुम्ही उठवून बोलावता आणि त्याच्यापुढे वीतभर नळी ठेवता, हे त्यास कसे रुचावे?

त्याचे तेज पूर्णत्वाने प्रकट होते ते नाटकाच्या हंगामात. वडसा, म्हणजे कागदोपत्री देसाईगंज, हे झाडीपट्टी रंगभूमीचे मुख्य ठाणे. दिवाळी उलटली की मंडई आणि शंकरपट यांच्या निमित्ताने तेथील नाटकमंडळ्या रोज नव्या गावी जातात, रात्री जेवणे उरकल्यावर पडदा उघडतो, आणि तो पडतो तेव्हा पूर्वेला तांबडे फुटण्याच्या बेतात असते. मंडळीचे सामान वाहणारी पिकअप त्या अवधीत धानाच्या बांधीलगत दवात भिजत उभी असते. पेट्या चढतात, पडदे चढतात, हार्मोनियम चढते, चालक सेल्फ मारतो, आणि गाडी चालू होत नाही. उठून निघालेले प्रेक्षक हे ऐकताच पुन्हा खाली बसतात. तिकिटात एवढा एक अंक अधिक मिळणार असेल तर तो कोण सोडील? अर्धवट रंग पुसलेला खलनायक आणि ज्याचा त्याने घटकेपूर्वी खून केला तो नायक, असे दोघे खांद्याला खांदा लावून गाडी ढकलतात. गाडी बांधापर्यंत जाते आणि थांबते. मग गर्दी दुभंगते आणि धूरपारखी आत येतो.

"किती दिवसापासून हाय?" तो चालकास विचारतो.

"आजच झालं जी."

"आज नाई. आज तुले समजलं."

या एका वाक्यानिशी फिर्यादीचा आरोपी झालेला असतो. चालक पोरसवदा असला तरी अगदीच अनभिज्ञ नसतो; तो चाचरत म्हणतो की लाइनीनं हवा घेतली असेल, पंपिंग करून पाहतो. "हवा घेतल्यावर गाडी अशी नाई बोलत बापा," अध्यक्ष सांगतात, "हा नोझलचा आवाज हाय." पोरगा तरीही बोनेट उघडतो, फिल्टरजवळचा हातपंप कडक होईपर्यंत दाबतो, हवा काढण्याचा स्क्रू सैल करून बुडबुडे संपून निर्भेळ डिझेल येईतो थांबतो, स्क्रू आवळतो आणि सेल्फ मारतो. गाडी खोकते, पांढऱ्या धुराचा एक लोट नायिकेच्या अंगावर सोडते आणि चालू होते. टाळ्या पडतात. कोणताही सामान्य मनुष्य अशा क्षणी काढता पाय घेईल; पण धूरपारखी त्या लोटाकडे बोट दाखवतो आणि सावकाश म्हणतो, "पाहा. मी काय म्हणत होतो?" आणि आश्चर्य हे, की माना डोलतात.

त्याच्या विद्येची परंपरा थोडी पाहिली पाहिजे. रुडॉल्फ डिझेल याचे इंजिन १८९७ साली यशस्वी झाले आणि १९१३ साली हा दुर्दैवी संशोधक इंग्लंडकडे निघालेल्या जहाजावरून एका रात्रीत नाहीसा झाला. बॉश कंपनीने १९२७ साली डिझेल फवारणारा पंप मोठ्या प्रमाणावर तयार करावयास घेतला, तेव्हा कोठे हे इंजिन रस्त्यावरच्या वाहनांस खऱ्या अर्थाने पेलू लागले. धूरपारखीच्या लेखी ही सर्व पुराणे होत. इतिहास सुरू होतो तो १९५१ साली निघालेल्या बंगळुराच्या मायकोपासून. 'पंप-नोझल मायकोचा' हे त्याच्या तोंडी प्रमाणवचन आहे, आणि २००८ साली त्या कंपनीने आपले नाव बदलून बॉश केले ही गोष्ट, जुनी माणसे चंद्रपुरास चांदाच म्हणतात त्याच निष्ठेने, त्याने अजून दप्तरी दाखल करून घेतलेली नाही. मायकोच्या त्या काळात त्याच्या विद्येस एक प्रत्यक्ष प्रमाणही होते. इंजिन चालू ठेवून सतरा नंबरच्या पान्याने एकेका नोझलच्या पाइपाचे नट सैल करावयाचे. ज्याचे सैल केल्याने इंजिनाच्या चालीत फरक पडतो तो नोझल निर्दोष, आणि ज्याचे सैल केले तरी इंजिन बेफिकीर राहते तो दोषी. या चौकशीत तो क्वचित बरोबर ठरे, आणि त्या निकालाचा दाखला पुढे दहा वर्षे पुरवून वापरी.

पुढे कॉमन रेल आली आणि या विद्येवर संक्रांत आली. तेथे नळीतला दाब वातावरणाच्या सोळाशे पट किंवा त्याहून अधिक चढतो; चालू इंजिनावर नट सैल करावयास गेल्यास डिझेलची धार कातडे भेदून आत शिरते, म्हणून पान्याची ती चौकशी कायमची तहकूब झाली. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहाच्या गाड्या आल्या, त्यांचा धूर तर परीक्षेपुरताही निघेना! गाडी रुसली की चंद्रपुराहून एक विशीतला मुलगा स्कॅनर घेऊन येतो, सळई खुपसावी तशी त्याची वायर डॅशबोर्डाखाली खुपसतो आणि पडद्यावरचे आकडे वाचतो. चारही नोझलांच्या परतीच्या नळ्यांना चार सारख्या बाटल्या लावून कोणती लवकर भरते ते पाहतो, आणि जी भरेल तिचा नोझल काढतो. नवा बसवल्यावर त्याच्या अंगावर कोरलेला सांकेतिक क्रमांक गाडीच्या संगणकास कळवावा लागतो, अन्यथा संगणक त्याला ओळख देत नाही. एवढा बंदोबस्त पाहून धूरपारखी खचेल असे वाटणाऱ्यांनी त्याला ओळखलेलेच नाही. तो मुलाच्या पाठीशी उभा राहतो, चारही बाटल्या समान भरताना पाहतो, मुलगा निदान सांगेपर्यंत मुकाट्याने खर्रा घोटतो. निदान 'सेन्सर खराब' असे निघाले की तो विचारतो, "कशाचा सेन्सर?" आणि मुलगा रेलच्या दाबाचा असे सांगतो, तेव्हा सभेकडे वळून म्हणतो, "म्हणजे नोझलकडेच जाते ना तो रस्ता."

मी त्याचा द्वेष करीत नाही. पर्लकोटेस पूर येऊन भामरागडचा रस्ता तुटला म्हणजे तेथे स्कॅनरही पोहोचत नाही आणि मिस्त्रीही. ब्रह्मपुरीच्या जंगलपट्ट्यात रात्री गाडी बंद पडली आणि आसपास वाघाचा वावर असल्याचे ठाऊक असले, तर नोझलविषयी अखंड बोलणारा मनुष्य शेजारी असणे ही लहान सोय नव्हे. त्याने सांगितलेले चूक असते, पण तो उजाडेपर्यंत थांबतो, आणि हे दोन्ही गुण एकत्र असणारी माणसे मला अन्य खात्यांत फारशी आढळलेली नाहीत. तेथे पहिला गुण विपुल आहे.

शिवाय त्याचा अंमल चालतो तो लोकांच्या संमतीने चालतो, ही गोष्ट त्याच्या टीकाकारांच्या ध्यानात येत नाही. वऱ्हाड घेऊन निघालेली पिकअप गोंडपिपरीच्या अलीकडे अडते, नवरदेव उन्हात ताटकळतो, मुहूर्त टळतो, आणि शेवटी मिस्त्री येऊन रबरी नळी व एक क्लिप बदलतो आणि चहाला पुरतील एवढे पैसे मागतो. ते ऐकून मालकाचा चेहरा उतरतो. एवढ्या मोठ्या अनर्थाचे कारण एवढे स्वस्त निघावे ही त्याच्या इभ्रतीची गोष्ट होऊन बसते. व्याह्यांना हे कोणत्या तोंडाने सांगावे? हजारांचा खर्च निघाला असता तर तो हळहळला असता, पण मान ताठ राहिली असती. तेव्हा पुढच्या आठवडी बाजारात कोणी चौकशी करताच तो गंभीरपणे सांगतो, "नोझलचं काम निघालं होतं जी."

"किती?" समोरचा विचारतो.

मालक क्षणभर हिशेब करतो. "दोन."

शेजारच्या पानठेल्यावर उभा असलेला धूरपारखी पन्नीवरून मान वर न करता बोलतो, "बाकीचे दोन दिवाळीपर्यंत जातीन."