काळ्या मातीवरचा लेथ

सावंगी (मेघे)त घरामागच्या शेडमध्ये लेथ बसवायचा असेल, तर आधी जमिनीला विचारावं. वर्ध्याकडची काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि स्पिरिट लेव्हलशी तिला काही देणंघेणं नसतं. मे महिन्यात हौशी मालक लेथच्या पायांखाली पत्र्याचे तुकडे सरकवून बुडबुडा मधोमध आणतो, शेजाऱ्यांना बोलावून दाखवतो. ऑगस्टपर्यंत बेडला पीळ बसतो आणि सरळ कातलेला दांडा गाजरासारखा निमुळता निघतो.

मग दोष उन्हाला. मोजमापाचं प्रमाण तापमान २० अंश सेल्सिअस. आमच्याकडे ते हिवाळ्यात घटकाभर येऊन जातं. पण पोलादी दांड्याइतकाच पोलादी मायक्रोमीटरही फुगतो, त्यामुळे सबब टिकत नाही. ॲल्युमिनियमचं वेगळं. ४५ अंशांवर १०० मिलिमीटरमागे साधारण ०.०३ मिलिमीटरची तफावत हक्काने उन्हाच्या खात्यावर टाकता येते. हौशी मंडळींना ॲल्युमिनियमच का आवडतं, ते आता कळलं असेल.

देखभालीचं म्हणाल, तर १९२९ साली गांधीजींच्या चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी १ लाख रुपयांचं बक्षीस लावलं. यंत्र २० वर्षं चालावं, वर्षाची देखभाल किमतीच्या ५ टक्क्यांत बसावी, अशा अटी. बक्षीस कुणालाच मिळालं नाही. आमचा लेथवाला तेल घालतो ते पाहुणे येणार असले की. एरवी चकवर बाजाराच्या पिशव्या लटकतात, आणि घरच्या हिशेबात लेथ अजून ‘फर्निचर’ या सदरात आहे.