कुणाचा फोन लागलाय?

पुण्याहून मुळशीकडे निघालेल्या गाडीत पूर्वी पहिला प्रश्न असायचा, "डबे घेतले का?" आता तो मागे पडलाय. आता पहिला प्रश्न, "कुणाचा फोन लागलाय?" लागलाय म्हणजे गाडीच्या स्क्रीनला. शोरूममधली मुलं तिला इन्फोटेन्मेंट सिस्टीम म्हणतात, आमचे आप्पा अजून टेप म्हणतात आणि बाकी सगळे नुसतं 'स्क्रीन' म्हणून मोकळे होतात.

या प्रश्नाचा निकाल चांदणी चौकाच्या आत लागावा लागतो. २ ऑक्टोबर २०२२च्या पहाटे तिथला जुना पूल पाडला, पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये नवा उड्डाणपूल खुला झाला आणि तेव्हापासून तिथे इतक्या फांद्या फुटल्यात, की चुकीची धरली तर पौड राहतं बाजूला आणि आपण साताऱ्याच्या वाटेला. तेव्हा नकाशा समोर हवा. नकाशासाठी फोन जोडलेला हवा. आणि फोन जोडायचा तर तो कुणाचा, हे आधी ठरायला हवं. कोथरूड डेपोपाशी सुरू झालेली ही चर्चा भूगाव आलं तरी संपलेली नसते.

ब्लूटूथ हे नाव दहाव्या शतकातल्या हॅराल्ड नावाच्या डॅनिश राजाच्या टोपणनावावरून आलंय. त्याने डेन्मार्क आणि नॉर्वे एका छत्राखाली आणले, म्हणून यंत्रांना बिनतारी जोडणाऱ्या या तंत्राला त्याचं नाव. फोनवर दिसणारी ती कोनाकोनांची खूणही त्याच्याच नावाची आद्याक्षरं, जुन्या रून लिपीतली, एकावर एक बसवून केलेली. राजा पराक्रमी असेल, नाही कोण म्हणतं! पण मागे दोन नातवंडं, पुढे सासूबाई, प्रत्येकाच्या हातात चालू फोन आणि गाडी एकच, असा प्रसंग त्याच्यावर आला नव्हता.

जोडणी तशी सोपी. गाडी फोनला हाक मारते, फोन गाडीला ओ देतो, दोघांवर सहा आकडी नंबर उमटतो, तो सारखाच आहे ना बघायचं आणि हो म्हणायचं. खरी मजा पुढे. "संपर्कांची यादी वाचू का?" हो. "आलेले-गेलेले कॉल बघू का?" हो. "मेसेज?" बरं, तेही. शेजारी नव्याने राहायला आलेल्या बाईने वाटीभर साखर मागायला यावं आणि जाता जाता आपली कपाटं उघडून बघावीत, तसा हा प्रकार. पण मागून हॉर्न वाजत असतात, मुलांना गाणी हवी असतात, आपण हो-हो करत सुटतो.

गूगलचं अँड्रॉइड ऑटो आणि अ‍ॅपलचं कारप्ले, दोन्ही २०१४ साली जाहीर झालेली. त्यांची युक्ती अशी, की डोकं फोनने चालवायचं आणि स्क्रीनने फक्त दाखवायचं. गाडी जुनी झाली तरी फोन नवा असला की नकाशा नवाच. बिनतारी जोडणीत ब्लूटूथवर नुसती ओळख होते, पुढचं बहुतेक काम वाय-फायवर चालतं. त्यात फोन तापतो, आणि मे महिन्यात काचेखाली ठेवलेला फोन आधीच तापलेला असतो. म्हणून जाणती माणसं अजून केबल वापरतात.

केबल म्हणजे पुन्हा वेगळं पुराण. चार्जिंग व्यवस्थित होतंय, पण स्क्रीनवर काही येत नाही, ही तक्रार घेऊन पिरंगुटच्या एका मोबाइलच्या दुकानात गेले होते. दुकानदार पोरगेलासा होता. त्याने केबल दोन बोटांत धरून वाकवली, किंचित हसला आणि म्हणाला, "काकू, ही टाकायची असेल तर उघडून दाखवतो." कटरने त्याने वरचं काळं आवरण सोललं. आत दोनच तारा, एक लाल आणि एक काळी. मग खणातून एक तुटकी, पण चांगल्यातली केबल काढून सोलली. तिच्यात चार निघाल्या. लाल, काळी, हिरवी आणि पांढरी. "लाल-काळी वीज नेतात. हिरवी-पांढरी बोलतात. तुमच्या केबलला बोलताच येत नाही." मला हा खुलासा इतका आवडला, की नव्या केबलच्या किमतीत घासाघीस करायची राहूनच गेली. तुम्हीही दुकानात 'केबल द्या' म्हणू नका, 'डेटावाली द्या' म्हणा.

एकदा का फोन जोडला गेला, की घरातलं जे जे फोनमध्ये आहे ते सगळं गाडीत येऊन बसतं. आपण माणसांची नावं फोनमध्ये कशी साठवतो, हे आपलं आपल्याला माहीत असतं. 'प्लंबर उचलत नाही.' 'जोशी पैसे मागतो.' ती आपल्या हाताएवढ्या पडद्यापुरती ठीक असतात. गाडीच्या स्क्रीनवर ती पाटीएवढ्या अक्षरांत येतात. आमच्या सोसायटीतली एक जण नणंदेला घेऊन मुळशीचं धरण बघायला निघाली. वाटेत नणंदेला आपला फोन चालतोय की नाही याची शंका आली, म्हणून तिने मागच्या सीटवरून सहज हिला रिंग दिली. समोर झळकलं, 'नणंद उचलू नये'. धरण त्या दोघींनी अतिशय शांतपणे पाहिलं म्हणतात.

मेसेज वाचून दाखवायची सोयही आहे. आपली माणसं मराठी लिहितात इंग्रजी अक्षरांत आणि वाचणारी बाई असते विलायती वळणाची. भुकूमहून राखणदाराने विचारलेलं असतं, काकू पाणी गेलंय, मोटर चालू करू का. ती वाचते, "काकू पॅनी गिले, मोटर चालू कारू का." नातवंडं हसून लोळतात, परत वाचायला लावतात आणि तिकडे राखणदार पाण्यावाचून उत्तराची वाट बघत बसतो.

पण सगळ्यात बहार येते ती गाडी आणि माणूस वेगवेगळ्या ठिकाणी असताना. ब्लूटूथचा पल्ला साधारण दहा मीटर धरतात, आणि पहिल्या मजल्याची गॅलरी पार्किंगपासून तेवढीही लांब नसते. एक गृहस्थ गॅलरीत उभे राहून एजंटशी बोलत होते. विषय, पौडच्या पुढे एक एनए प्लॉट. मुळशीत हल्ली दर तिसऱ्या झाडावर एनए प्लॉटची पाटी असते, तेव्हा विषयात नवीन काही नाही. नवीन एवढंच, की बायकोला अजून सांगायचं होतं. त्याच वेळी बायको खाली उतरली, भाजी आणायला म्हणून गाडी सुरू केली. गाडीने नेहमीचा फोन ओळखला आणि चालू कॉल गुमान स्वतःकडे ओढून घेतला. वर हे "हॅलो, हॅलो" करतायत आणि खाली चारही स्पीकरमधून एजंट विचारतोय, "मग साहेब, टोकनचा चेक आजच देताय ना?" गाडी पार्किंगमधून हललीच नाही. भाजी दुसऱ्या दिवशी आली. प्लॉटचं काय झालं, ते विचारायची कुणाची छाती नाही.

या अनुभवांतून लोकांनी एक शिष्टाचार आपोआप घडवलाय. फोन उचलल्यावर पूर्वी आपण "हॅलो" म्हणायचो, गाडीत आता म्हणतो, "स्पीकरवर आहेस हं, सगळे आहेत गाडीत." हे वाक्य पलीकडच्याच्या तोंडून पहिला शब्द फुटायच्या आत यावं लागतं. अर्धा सेकंद उशीर झाला तर मावशीच्या गुडघ्यांपासून मावसभावाच्या घटस्फोटापर्यंत काहीही सांडू शकतं.

मुळशी तालुक्याची एक गंमत पुण्याच्या लोकांच्याही पटकन ध्यानात येत नाही. हिंजवडी याच तालुक्यात आहे. जर्मनी-जपानच्या कंपन्यांच्या गाड्यांसाठी सॉफ्टवेअर करणारी केपीआयटी हिंजवडीतच आहे. गाडीच्या अंगात अक्कल भरायचं काम तालुक्याच्या एका टोकाला चालतं आणि दुसऱ्या टोकाला, धरण ओलांडून ताम्हिणीकडे लागलं, की रेंजच्या काड्या एकेक करत गळून जातात. मग स्क्रीनवर उरतो एक निळा ठिपका आणि भोवती कोरा करडा कागद. ठिपका कसा टिकतो? तर उपग्रहांचं फोन नुसतं ऐकतो, त्यासाठी टॉवर लागत नाही. नकाशाचं चित्र मात्र इंटरनेटवरून यावं लागतं. म्हणजे आपण कुठे आहोत हे फोनला पक्कं ठाऊक असतं, ते ठिकाण काय आहे हे ठाऊक नसतं. घरच्या वाय-फायवर मुळशी-माणगावचा नकाशा आधी उतरवून ठेवला, की हे टळतं. कितीजण ठेवतात?

अशा वेळी आप्पा कामाला येतात. हे नवऱ्याचे मामेभाऊ, धरणाकाठच्या वाडीतले. नकाशातल्या बाईशी त्यांचं पहिल्यापासून अदबीचं नातं आहे. "दोनशे मीटरवर डावीकडे वळा," ती म्हणाली की ते "व्हय बाई" म्हणतात. रेंज गेली आणि ती गप्प झाली तेव्हा मला म्हणाले, "वहिनी, बाईला बरं न्हाई वाटत. आता माझं ऐका." आप्पांना रस्ता पाठ आहे, पण तो सांगायचा कधी, याचा अंदाज नाही. "आता त्या आंब्यापाशी वळायचं व्हतं," वळण मागे पडल्यावर ते म्हणाले.

"कुठल्या आंब्यापाशी, आप्पा? इथे आंबा दिसला नाही."

"दिसल कसा? गेल्या साली तोडला न्हवं का."

तेव्हा यंत्रापेक्षा माणूस बरा, हे नेहमीचं पालुपद मी आळवणार नाही. बाई वळण आधी सांगते, आप्पा नंतर. आप्पांना मात्र एक गोष्ट येते, जी तिला येत नाही. स्क्रीनवर मुळशी जलाशय म्हणजे नुसता निळा डाग. आप्पा त्या निळ्यावर बोट ठेवून सांगतात, इथं आजीचं माहेर. इथं भाताची खाचरं, इथं देऊळ. त्यांनी पाहिलेलं नाही, ऐकलेलं आहे. टाटांच्या या धरणाविरुद्ध १९२१ साली मावळातले शेतकरी उठले, सेनापती बापट त्यांचे पुढारी झाले, सत्याग्रह तीनेक वर्षं चालला आणि धरण झालंच. मुळेचं पाणी बोगद्यातून सह्याद्रीखाली भिऱ्याला नेलं, तिथे वीज केली, ती मुंबईला गेली. आप्पांच्या बोटाखाली तेवढ्यात नकाशा मोठा झाला, कारण स्पर्श केला की तो मोठा होतो, आणि स्क्रीन सगळी निळी झाली.

रेंज गेली तेव्हा गाणीही थांबली होती. फोन बंद पडला की माणसं एकमेकांशी बोलू लागतात, असं हल्ली बरंच लिहून येतं. आमच्या गाडीत माणसं बोलू लागली आणि निव्याच्या आसपास भांडूही लागली, विषय तोच, फोन कुणाचा जोडायला हवा होता. रेंज आल्यावर बरं वाटलं.

कायद्याचंही सांगते. २०१९च्या दुरुस्तीनंतर गाडी चालवताना हातात फोन धरून वापरणं मोटार वाहन कायद्याच्या १८४व्या कलमात, म्हणजे धोकादायक चालवण्यात, धरलं जातं. १ ऑक्टोबर २०२०पासूनचा नियम फोन फक्त रस्ता बघायला वापरू देतो, तोही चालवणाऱ्याचं लक्ष विचलित होणार नाही अशा बेताने. तेव्हा जोडाजोडी करायची ती गाडी उभी करून, घोटावडे फाट्यावर चहा घेताना. घाटात वळणावर सहा आकडे जुळवत बसू नये.

आणि शेवटची गोष्ट, जिच्यासाठी खरं तर हे सगळं लिहायला घेतलं. आमच्या नात्यातल्या एकाने पौडला जुनी गाडी घेतली. कागद चोख, टायर बरे, गाडी सुरेख. पहिल्याच दिवशी स्क्रीनवरचं बटण दाबलं तर आधीच्या मालकाचं अख्खं फोनबुक समोर. त्याची आई, त्याचे डॉक्टर, त्याचा बँकवाला, शेवटचे कॉल, सगळं. 'घर' म्हणून साठवलेला पत्तासुद्धा. विकताना माणसाने आरसी दिली, विम्याचे कागद दिले, दुसरी किल्ली शोधून दिली, डॅशबोर्डवरचा गणपती तेवढा आठवणीने काढून घेतला. फोनबुक तसंच राहिलं. भाड्याने स्वतः चालवायला घेतलेल्या गाड्यांत तर अशा नावांची रांगच असते, कुणाकुणाचे फोन, ओळीने. म्हणून गाडी विकाल किंवा भाड्याची परत द्याल, तेव्हा सेटिंगमध्ये जाऊन आपला फोन त्या यादीतून काढून टाका, आणि गाडी आपली असेल तर 'फॅक्टरी रिसेट'ही करा. दोन-चार मिनिटांचं काम आहे, किल्ली हातातून सुटण्याआधी करा.